चंद्रावरची रात्र आणि एक वॉटची शेगडी

(ज्यांना हेडफोन लावून ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर इथे देतोय. बोलीभाषा तशीच ठेवली आहे, फक्त अडखळणं आणि मधला चहा काढून टाकलाय.)

शिरूरवाले, दौंडवाले, रांजणगाव-कुरकुंभच्या शिफ्टवाले, आणि रोज पुण्याला अप-डाउन करणारे, सगळ्यांचं स्वागत. आजचा विषय जरा लांबचा वाटेल. सूर्यप्रकाश जिथे पोचत नाही, तिथे यान जिवंत कसं राहतं? त्याला लागणारी ऊब कोण बनवतं, कशी बनवतं, आणि आपल्याकडे ती किती बनते? ट्रॉम्बे इथून रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आत आहे, आणि या गोष्टीचा भारतातला धागा तिथेच आहे. म्हणून हा भाग.

झोपलं, ते उठलंच नाही

२३ ऑगस्ट २०२३. सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटं. चांद्रयान-३ चं विक्रम लँडर चंद्रावर उतरलं. तो क्षण आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलाय, चौकाचौकांत पेढे वाटलेत. त्यानंतर प्रज्ञान रोव्हर बाहेर आलं, फिरलं, मातीत गंधक आहे हे त्याने दाखवलं. २ सप्टेंबरला प्रज्ञानला झोपवलं, ४ तारखेला विक्रमला. चंद्रावर सूर्य मावळत होता. २२ सप्टेंबरच्या सुमाराला तिथे पुन्हा ऊन आलं, इस्रोने हाका मारल्या, पण उत्तर आलं नाही.

आता यात कुणाची चूक नव्हती, हे आधी स्पष्ट करतो. मोहीम आखलीच होती चंद्राच्या एका दिवसासाठी, म्हणजे आपल्या १४ दिवसांसाठी. ते काम पूर्ण झालं. पुन्हा उठलं असतं तर तो बोनस होता.

पण प्रश्न उरतोच. का नाही उठलं? कारण चंद्रावरची रात्रही १४ दिवसांची असते. हवा नाही, ढग नाहीत, उष्णता धरून ठेवायला काहीच नाही. विषुववृत्ताजवळसुद्धा रात्री तापमान उणे १७० अंशांच्या आसपास जातं. विक्रम तर दक्षिणेला ६९ अंशांवर होतं. आपल्याकडे जानेवारीत पारा ८ अंशांवर आला की आपण शेकोटी पेटवतो. लिथियमची बॅटरी उणे काही दहा अंशांनंतर काम सोडते. आणि धातू, प्लास्टिक, सोल्डर हे सगळं वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतं, त्यामुळे सर्किटचे बारीक जोड तुटतात. एकदा जोड तुटला की सकाळी कितीही ऊन पडलं तरी उपयोग नाही.

मोबाइलच्या भाषेत हिशोब

तुम्ही म्हणाल, मग मोठी बॅटरी न्यायची की! दिवसा सोलरवर चार्ज करायची, रात्री तिच्यावर हीटर लावायचा.

चला, हिशोब करू. समजा एका छोट्या डब्याला उबदार ठेवायला फक्त १ वॉट उष्णता पुरते. १ वॉट म्हणजे किती? देवघरातला छोटा एलईडी दिवा तेवढाच असतो. १४ दिवस म्हणजे ३३६ तास. म्हणजे लागली ३३६ वॉट-तास ऊर्जा. तुमच्या हातातल्या ५००० एमएएचच्या मोबाइलमध्ये साधारण १९ वॉट-तास असतात. भागाकार केला तर? जवळजवळ १८ मोबाइल! एका रात्रीत, फक्त एका वॉटसाठी, १८ मोबाइलच्या बॅटऱ्या पूर्ण रिकाम्या. आणि त्या बॅटऱ्यांनाही थंडी वाजणार, त्यांनाही ऊब लागणार, ते वेगळंच.

आता याच्या शेजारी दुसरी वस्तू ठेवा. अमेरिकेत एक छोटी उष्णता-कुपी बनवतात. इंग्रजी नाव रेडिओआयसोटोप हीटर युनिट, आपण आरएचयू म्हणू. जाडजूड टॉर्चच्या सेलएवढी, ३ सेंटिमीटरच्या थोडी वर लांबी. वजन ४० ग्रॅम. आत २.७ ग्रॅम प्लुटोनियम ऑक्साइड. ती देते १ वॉट उष्णता. चार्जिंग नाही, बटण नाही, फिरणारा एकही भाग नाही. आज देते, उद्या देते, तीस वर्षांनीही बऱ्यापैकी देते. शनीकडे गेलेल्या कॅसिनी यानाच्या मोहिमेत अशा ११७ कुप्या होत्या, गुरूकडे गेलेल्या गॅलिलिओ मोहिमेत १२०.

४० ग्रॅम एका बाजूला आणि १८ मोबाइलच्या बॅटऱ्या दुसऱ्या बाजूला. आता कळलं ना, सगळे देश या कुपीच्या मागे का असतात?

ही ऊब येते कुठून?

काही अणू मुळातच अस्वस्थ असतात. त्यांच्या केंद्रकात गर्दी झालेली असते. मग ते एखादा कण बाहेर फेकतात आणि हलके होतात. प्लुटोनियम-२३८ अल्फा कण फेकतो. हा कण जड असतो आणि तो फार लांब जात नाही, एक कागदही त्याला अडवतो. म्हणजे तो बहुतेक वेळा त्याच गोळीत अडकतो, शेजारच्या अणूंना धडकतो, आणि त्या धडकेची उष्णता होते. बस्स. यात जळणं नाही, धूर नाही, स्फोट नाही. अणुबॉम्बमध्ये वापरतात तो प्लुटोनियम-२३९. हा त्याचा भाऊबंद असला तरी त्याचं काम वेगळं आहे.

मग कुठलाही किरणोत्सारी पदार्थ घ्यावा का? नाही. आणि इथे आपल्या गुऱ्हाळाचं उदाहरण देतो. केडगाव, यवतच्या पट्ट्यात ज्यांनी गुऱ्हाळ पाहिलंय त्यांना लगेच पटेल. चुलवाणात चिपाड टाकलं की भडका उडतो, पण दोन मिनिटांत ते संपतं, पुन्हा टाकावं लागतं. बाभळीचं ओंडकं टाकलं तर भडका कमी, पण रात्रभर निखारा राहतो. किरणोत्सारी पदार्थांचंही तसंच. यासाठी शब्द आहे अर्धायुष्य, म्हणजे अर्धे अणू संपायला लागणारा काळ.

पोलोनियम-२१० हे चिपाड. एका ग्रॅममधून साधारण १४० वॉट उष्णता! पण अर्धायुष्य फक्त १३८ दिवस. रशियाच्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत संघाच्या लुनोखोद-१ गाडीत हेच होतं. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये ती चंद्रावर उतरली आणि रात्रीमागून रात्री काढत सुमारे १० महिने चालली. लक्षात घ्या, विक्रमच्या ५३ वर्षं आधी. पण तोपर्यंत तिच्या पोलोनियमची उष्णता पावपटीच्याही खाली आली होती. चंद्रापुरतं ठीक, शनीला जायचं तर सात वर्षं लागतात. तिथे चिपाड पुरत नाही.

अमेरिशियम-२४१ हे दुसरं टोक. अर्धायुष्य ४३२ वर्षं. काही स्मोक डिटेक्टरमध्ये याचा कणभर अंश असतो. टिकतो भरपूर, पण उष्णता प्लुटोनियम-२३८ च्या जेमतेम पाचवा हिस्सा. तेवढ्याच उबेसाठी जास्त माल न्यावा लागतो. तरी युरोपने हाच रस्ता धरलाय, कारण ब्रिटनमध्ये जुन्या साठवलेल्या प्लुटोनियममधून तो वेगळा काढता येतो.

प्लुटोनियम-२३८ मधोमध बसतो. अर्धायुष्य ८७.७ वर्षं, एका ग्रॅमला अर्ध्या वॉटहून थोडी जास्त उष्णता. बाभळीचं ओंडकं म्हणा हवं तर.

आणि स्ट्रॉन्शियम-९०? तो स्वस्त, अणुभट्टीच्या वापरलेल्या इंधनात भरपूर. सोव्हिएत संघाने दूरच्या दीपगृहांसाठी वगैरे तो वापरला. पण त्याच्या किरणांपासून बचाव करायला जाडजूड धातूचं आवरण लागतं. ते आवरण निघालं तर काय होतं? डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जिया नावाच्या देशात, लिया गावाजवळ तिघं जण लाकडं आणायला जंगलात गेले होते. बर्फात त्यांना दोन धातूचे तुकडे दिसले. भोवतालचा बर्फ वितळलेला. हाताला गरम. थंडीची रात्र होती, त्यांनी ते शेकायला जवळ घेतले. ते जुन्या यंत्रातले उघडे पडलेले स्ट्रॉन्शियमचे स्रोत होते. काही तासांत उलट्या सुरू झाल्या, पाठीवर खोल जखमा झाल्या, आणि त्यातल्या एकाचा पुढे मृत्यू झाला. फुकटची ऊब आणि बेवारस ऊब यातला फरक एवढा मोठा आहे. ही गोष्ट डोक्यात ठेवा, आपण परत येणार आहोत.

उबेपासून वीज

आतापर्यंत फक्त ऊब झाली. याच उष्णतेतून वीजही काढता येते. दोन वेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या जोडा, एक टोक गरम ठेवा, दुसरं थंड. वीज वाहायला लागते. हे १८२१ मध्येच सीबेक नावाच्या शास्त्रज्ञाला दिसलं होतं. एका बाजूला प्लुटोनियमची धग, दुसऱ्या बाजूला अवकाशाची थंडी. अशा यंत्राला आरटीजी म्हणतात.

पण उधळपट्टी बघा. मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हिअरन्स या गाड्यांत प्रत्येकी ४.८ किलो प्लुटोनियम ऑक्साइड आहे. उष्णता मिळते २००० वॉट. त्यातून वीज निघते साधारण ११० वॉट. घरातला जुना सीलिंग फॅन ७५ वॉटचा असतो, म्हणजे दीड पंखा! दीड पंख्याच्या विजेवर एका टनाच्या आसपासची गाडी मंगळावर वर्षानुवर्षं फिरते, फोटो पाठवते, दगड फोडते. उरलेली उष्णताही वाया जात नाही, तीच गाडीच्या पोटात फिरवून यंत्रांना ऊब देतात.

व्हॉयेजर-१ तर तुम्हाला माहीतच असेल. ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं. निघताना ४७० वॉटच्या आसपास वीज होती. आता ते २४ अब्ज किलोमीटरपेक्षा पुढे आहे. तिथे पोचणारं ऊन आपल्या उन्हाच्या पंचवीस हजाराव्या भागाहूनही कमी. सोलर पॅनल लावून काय उपयोग? ८७.७ वर्षांच्या अर्धायुष्याने हिशोब केला तर ५० वर्षांनी उष्णता दोन तृतीयांश उरते. वीज त्याहून कमी, कारण पट्ट्याही म्हाताऱ्या होतात. दर वर्षी ४ वॉट कमी होतात. म्हणून नासा एकेक उपकरण बंद करत चाललंय. लोडशेडिंगच म्हणा ना.

अशा क्षीण आवाजाला ऐकायला मोठे कान लागतात. असे कान आपल्या शिरूर लोकसभा मतदारसंघातच आहेत, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. जीएमआरटीच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याचा सिग्नल याच तबकड्यांनी पकडला होता. उतरता उतरता आवाज थांबला, आणि यान आदळलं असं नंतर कळलं. म्हणजे ऐकायची सोय आपल्या भागात जगातली उत्तम आहे. बोलणाऱ्या यानाला ऊब पुरवायची सोय, ती बनतेय हळूहळू.

हे बनवतात कसं?

प्लुटोनियम-२३८ खाणीत मिळत नाही. तो माणसाने बनवायचा. आणि या बनवण्यातच सगळी मेख आहे.

पहिली पायरी, नेप्ट्युनियम-२३७. अणुभट्टीत युरेनियम वापरलं की त्यात थोडं नेप्ट्युनियम तयार होतं. ते वापरलेल्या इंधनातून रसायनं वापरून बाहेर काढायचं.

दुसरी पायरी, त्याचं ऑक्साइड ॲल्युमिनियमच्या पावडरीत मिसळून, दाबून गोळ्या करायच्या. त्या ॲल्युमिनियमच्या नळीत बंद करायच्या.

तिसरी पायरी, ही नळी अणुभट्टीत ठेवायची. तिथे न्यूट्रॉनचा पाऊस असतो. नेप्ट्युनियमचा अणू एक न्यूट्रॉन गिळतो आणि नेप्ट्युनियम-२३८ होतो. त्याचं अर्धायुष्य दोन दिवसांहून थोडंच जास्त. तो आपोआप प्लुटोनियम-२३८ बनतो.

इथे पुन्हा गुळव्या आठवा. काहील लवकर उतरवली तर पाक राहतो, उशिरा उतरवली तर करपतो. इथेही तसंच. नळी लवकर काढली तर हाती फार थोडा माल येतो. जास्त वेळ ठेवली तर तयार झालेला प्लुटोनियम-२३८ आणखी न्यूट्रॉन गिळतो आणि भलताच पदार्थ होऊन बसतो. म्हणून नेप्ट्युनियमचा थोडाच हिस्सा बदलू द्यायचा आणि बाहेर काढायचं.

चौथी पायरी, थांबणं. नळी काढल्या काढल्या तिच्यात इतके तीव्र किरण असतात की तिला थंड होऊ द्यावं लागतं.

पाचवी पायरी, वेगळं करणं. जाड काचेच्या आणि भिंतींच्या पलीकडे यांत्रिक हात. आधी अल्कलीत ॲल्युमिनियम विरघळवायचं, मग नायट्रिक ॲसिडमध्ये उरलेला माल. त्यातून प्लुटोनियम वेगळं, उरलेलं नेप्ट्युनियम वेगळं, कचरा वेगळा. नेप्ट्युनियम पुन्हा पहिल्या पायरीला. कुरकुंभच्या केमिकल प्लँटमध्ये काम करणाऱ्यांना या क्रिया ओळखीच्या वाटतील. फरक एवढाच की इथे एक थेंबही हाताने पुसता येत नाही.

सहावी पायरी, गोळी. ऑक्साइडची पावडर गरम करून दाबायची आणि सिरॅमिक गोळी करायची. मोठ्या मोहिमांसाठीच्या एका गोळीचं वजन १५० ग्रॅमच्या आसपास, उष्णता ६२.५ वॉट. तिच्याभोवती आवरण घालून थोडा वेळ ठेवलं आणि मग काढलं, तर ती निखाऱ्यासारखी लाल दिसते. नेटवर फोटो आहे, नक्की बघा. बाहेरून कुणी तापवलेलं नाही, स्वतःच्याच धगीने लाल.

सातवी पायरी, इरिडियम धातूचं कवच. हा धातू २४०० अंशांच्या वर वितळतो. त्याची वेल्डिंग, मग गळती तपासणी, मग ग्रॅफाइटचे थर.

किती वेळ लागतो याला? अमेरिकेचंच उदाहरण बघा. त्यांनी १९८८ मध्ये हे उत्पादन बंद केलं. मग रशियाकडून विकत घेतलं. तेही थांबलं. पुन्हा सुरू करून ओक रिज प्रयोगशाळेने २०१५ च्या डिसेंबरमध्ये दाखवले किती? ५० ग्रॅम! २७ वर्षांच्या खंडानंतर. त्यांचं उद्दिष्ट वर्षाला दीड किलो ऑक्साइडचं. म्हणजे ४.८ किलोची एक मंगळगाडी भरायला तीन वर्षांहून जास्त काळाचं पूर्ण उत्पादन. ज्या देशाकडे पैसा, अणुभट्ट्या, माणसं सगळं होतं, त्यालाही बंद पडलेलं काम पुन्हा उभं करायला एवढं जड गेलं.

भीती खोटी आहे का?

नाही. भीती खरी आहे, म्हणूनच सात पायऱ्या आहेत. प्लुटोनियम-२३८ डब्यात बंद असताना त्याच्या अल्फा कणांना आपली कातडीही अडवते. पण त्याची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात गेली तर कॅन्सरचा धोका. म्हणून सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी: धूळ होऊ द्यायची नाही.

एप्रिल १९६४ मध्ये अमेरिकेचा एक उपग्रह कक्षेत पोचलाच नाही. त्यातलं आरटीजी वातावरणात जळालं आणि जवळजवळ १ किलो प्लुटोनियम-२३८ जगभर पसरलं. तोपर्यंत विचार असा होता की पडलं तर वरच जळून विरळ होऊ दे. त्या घटनेनंतर विचार उलटा झाला: काहीही झालं तरी कुपी अखंड राहिली पाहिजे. १९६८ मध्ये निम्बस नावाचा उपग्रह समुद्रात पडला, तर आरटीजी तळातून काढून त्यातलं इंधन पुढच्या उपग्रहाला वापरलं. १९७० मध्ये अपोलो-१३ परतलं, तेव्हा त्याच्यासोबतची कुपी पॅसिफिक महासागरात टोंगाजवळच्या खोल दरीत गेली. गळती आढळली नाही.

आणि आपलं उदाहरण? नंदादेवी. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये, चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला, भारत आणि अमेरिकेच्या गुप्तचर खात्यांनी मिळून नंदादेवीच्या शिखरावर एक यंत्र बसवायचं ठरवलं. त्याला वीज द्यायला प्लुटोनियमचं जनरेटर. भारतीय गिर्यारोहकांचे प्रमुख होते कॅप्टन मनमोहनसिंग कोहली. वादळ आलं, माणसं वाचवायची म्हणून सामान वरच कड्याला बांधून सगळे खाली उतरले. पुढच्या वर्षी गेले तर जनरेटर नाही. कडा कोसळून घेऊन गेलेला. आजपर्यंत सापडलेलं नाही. १९७८ मध्ये हे बाहेर आलं आणि पंतप्रधान मोरारजी देसाईंना लोकसभेत सांगावं लागलं. त्या हिमनद्यांचं पाणी ऋषिगंगेतून गंगेला मिळतं.

भीमेच्या आणि घोडच्या काठावर राहणाऱ्या माणसाला, नदीच्या उगमाशी अशी वस्तू हरवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही. लिया गावाची गोष्ट आणि ही गोष्ट, दोन्हींचा धडा एकच. वस्तू किती मजबूत बनवली, याच्याइतकंच महत्त्वाचं आहे की तिची नोंद कोण ठेवतं, आणि हरवली तर लोकांना सांगतं का. तेरा वर्षं गप्प बसणं हे इथे चालणार नाही.

मग आपण कुठे आहोत?

आता ऐका, हा भाग फार लोकांना माहीत नाही. चांद्रयान-३ वर अशा दोन कुप्या होत्या! भाभा अणुसंशोधन केंद्राने म्हणजे ट्रॉम्बेच्या बीएआरसीने बनवलेल्या. प्रत्येकी १ वॉट. २०२३ च्या शेवटी हे समोर आलं. पण त्या विक्रमवर नव्हत्या, प्रज्ञानवरही नव्हत्या. त्या प्रोपल्शन मॉड्यूलवर होत्या, म्हणजे लँडरला चंद्रापर्यंत नेऊन सोडणाऱ्या आणि स्वतः वर कक्षेत राहिलेल्या भागावर. चाचणी म्हणून. लँडर-रोव्हरवर बसवल्या तर वजन वाढलं असतं, असं तेव्हा सांगितलं गेलं.

म्हणजे शेगडी आपल्याकडे होती, पण ज्याला थंडी वाजणार होती त्याच्याकडे नव्हती. मी याला अपयश म्हणणार नाही. पहिली चाचणी अशीच करतात, जिथे बिघडलं तरी मुख्य काम थांबणार नाही. पण १ वॉट ते १०० वॉट वीज हा पल्ला किती मोठा आहे, ते आपण आत्ताच बघितलं. १०० वॉटच्या आरटीजीसाठी इस्रोने २०२१ मध्ये प्रस्ताव मागवले होते, म्हणजे गरज त्यांनाही दिसतेय. मार्च २०२५ मध्ये सरकारने चांद्रयान-५ मंजूर केलं. जपानसोबत, २५० किलोचं रोव्हर. प्रज्ञान होतं २६ किलोचं. मोठं रोव्हर पाठवायचं आणि १४ दिवसांत त्याचं काम संपवायचं, हे परवडणारं नाही. चीनचं युटू-२ जानेवारी २०१९ मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलं आणि अशाच कुप्यांच्या उबेवर कित्येक रात्री काढल्या.

आपल्याकडे काय आहे? ट्रॉम्बेला १०० मेगावॉटची ध्रुव अणुभट्टी आहे, १९८५ पासून. वापरलेल्या इंधनावर प्रक्रिया करणारे कारखाने ट्रॉम्बेला आणि पालघर जिल्ह्यात तारापूरला आहेत. ज्ञान आहे, माणसं आहेत.

पण ध्रुवमध्ये आणखी काय बनतं, माहीत आहे? थायरॉइडच्या उपचाराचं आयोडीन-१३१. कॅन्सरवर वापरतात ते ल्युटेशियम-१७७. तुमच्या गावातलं कुणी टाटा हॉस्पिटलला गेलं असेल आणि तिथे कसलंसं औषध देऊन स्कॅन केलं असेल, तर ते औषध अशाच भट्टीतून आलेलं असू शकतं. भट्टीतली जागा आणि न्यूट्रॉन दोन्ही मोजकेच. एका बाजूला आजचा पेशंट, दुसऱ्या बाजूला दहा वर्षांनंतरचं यान. माझं स्पष्ट मत, पेशंट आधी. त्यात वाद नको. पण मग यानासाठी वेगळी जागा, वेगळी क्षमता उभी करावी लागेल, आणि तो निर्णय आज घ्यावा लागेल. कारण रॉकेट घाई केली तर दोन-चार वर्षांत तयार होईल. गोळीला मात्र तिचा वेळ लागतोच. नळी भट्टीतून लवकर काढता येत नाही.

म्हणून पुढच्या वेळी एखादं भारतीय यान लांबच्या प्रवासाची घोषणा करेल, तेव्हा टाळ्या वाजवाच, पण एक प्रश्नही विचारा. रात्रीची सोय काय? ऊब कुठून येणार, आणि तिचं काम कधी सुरू झालं?

जाता जाता

हे काम फक्त पीएचडीवाल्यांचं नाही. कवच जोडणारा वेल्डर, गळती शोधणारा टेक्निशियन, यांत्रिक हात चालवणारा ऑपरेटर, किरणांची मोजणी करणारा माणूस, यांच्याशिवाय सातातली एकही पायरी पुरी होत नाही. बीएआरसीमध्ये स्टायपेंडरी ट्रेनी म्हणून आयटीआय, डिप्लोमा आणि बीएस्सी झालेल्यांनाही घेतात. इंजिनिअर आणि एमएस्सीवाल्यांसाठी त्यांचं ट्रेनिंग स्कूल आहे. जाहिरात निघते तेव्हा त्यांच्या अधिकृत साइटवरच बघा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लिंकवर पैसे भरू नका.

रांजणगावला आज जो पोरगा पाइप वेल्डिंग करतोय, त्याला हे लांबचं वाटेल. पण वेल्डिंगची शिस्त तीच. जोड असा पाहिजे की आतली धूळ बाहेर येता कामा नये, यान कोसळलं तरी. त्या एका जोडावर चंद्रावरची रात्र काढायची की नाही, हे ठरतं.

आजच्यापुरतं एवढंच. १८ मोबाइलचा हिशोब कुणाला पटला नसेल तर स्वतः करून बघा आणि आकडा पाठवा. आवडलं तर गाडीत शेजारी बसलेल्याला ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!